जुन्या मोटारीचें इंजिन कां तापतें?



चैत्र सरून वैशाख लागला कीं सोलापुरांत दुपारच्या वेळीं रस्त्याच्या कडेला एक दृश्य ठरलेलें असतें. बॉनेट उघडून उभी केलेली एखादी जुनी मोटार, रेडिएटरमधून वर चढणारी वाफ, हातांत पाण्याची बाटली घेतलेले चिंताक्रांत गृहस्थ, आणि भोंवतीं जमलेल्या चार माणसांचे चार सल्ले! एक म्हणतो, झांकण काढा. दुसरा म्हणतो, इंजिनावर गार पाणी ओता. तिसरा म्हणतो, थर्मोस्टॅट काढून फेका, आपल्याकडे तो लागतच नाहीं. आणि चौथा म्हणतो, गाडीच विकून टाका. यांपैकीं पहिला सल्ला माणसाला भाजतो, दुसरा इंजिनाला तडा पाडतो, तिसरा दोष झांकतो. आणि चौथ्याची गरज बहुधा नसते.

या चार सल्ल्यांच्या जागीं आज मी एक पद्धत सांगणार आहें. ती घरच्या घरीं, अंगणांत गाडी उभी करून, कोणाहि सुजाण माणसाला अवलंबितां येईल. तिला साहित्य फार लागत नाहीं. एक विजेरी, एक जुनें पातेलें, शंभर अंशांपर्यंत मोजणारा थर्मामीटर, थोडीं जुनीं वर्तमानपत्रें, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे पूर्णपणें थंड झालेलें इंजिन, एवढें असलें म्हणजे पुरें.

जुन्या मोटारींची कथा सोलापूरला परकी नाहीं. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालीं याच शहरांत झाला. आगबोटी, विमानें आणि मोटारी हीं तिन्ही वाहनें आपल्या देशांत तयार व्हावींत, हा ध्यास त्यांनीं घेतला. त्यांतील मोटारींसाठीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी राहिली. तिच्या मुंबईंतील कुर्ला येथील कारखान्यांतून प्रथम अमेरिकन बनावटीच्या व पुढें इटलींतील फियाट कंपनीच्या परवान्यानें बांधलेल्या गाड्या बाहेर पडूं लागल्या. १९६४ मध्यें आलेली फियाट ११०० डिलाइट हीच १९७२ सालीं प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ सालीं प्रीमियर पद्मिनी झाली. तिचें उत्पादन २००० च्या सुमारास थांबलें, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईच्या रस्त्यांवरून तिची टॅक्सीहि निवृत्त झाली. तरीसुद्धां वडिलांची अथवा आजोबांची आठवण म्हणून ती जपणारीं घरें आजहि आहेत. आजच्या विवेचनांत मी तीच गाडी डोळ्यांपुढें ठेविली आहे. पण सांगितलेलें बहुतेक सारें ॲम्बॅसडरला किंवा पाण्यानें थंड होणाऱ्या इतर कोणत्याहि जुन्या गाडीला लागू पडेल.

पद्मिनीचें इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचें व चार सिलिंडरांचें. त्याचा ठोकळा ओतीव लोखंडाचा, तर वरचें हेड ॲल्युमिनियमचें. हा तपशील ध्यानांत ठेवावा. ॲल्युमिनियम तापलें म्हणजे लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतें. त्यामुळें इंजिन मर्यादेबाहेर तापलें कीं हेड वांकतें, मधलें गॅस्केट फुटतें, आणि साध्या पट्ट्यानें भागलें असतें तेथें सारें इंजिन उतरवावें लागतें. ज्या गाडीचें उत्पादन बंद होऊन पाव शतक लोटलें, तिचें चांगलें हेड सहज मिळत नाहीं. म्हणून 'थोडें तापलें आहे, घरापर्यंत नेऊं' हा विचार जुन्या गाडीच्या बाबतींत सर्वांत महागांत पडतो.

आतां मुळाशीं जाऊं. पेट्रोल जाळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकीं सुमारें चौथा हिस्साच चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. एक मोठा वांटा सायलेन्सरमधून धुराबरोबर जातो, आणि साधारण तिसरा हिस्सा इंजिनाच्या भिंतींतून पाण्यांत उतरतो. हा तिसरा हिस्सा किती असावा? ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणारी जुनी गाडी तासाला सुमारें चार लिटर पेट्रोल खाते, असें धरूं. हिशेब केला तर पाण्यांत उतरणारी उष्णता बारा किलोवॅटच्या आसपास येते. आपल्या स्नानगृहांतील दोन हजार वॅटचे सहा गीझर एकाच वेळीं अखंड चालू असावे, इतकी ती झाली. एवढी उष्णता क्षणोक्षणीं बाहेर फेंकली गेली नाहीं, तर इंजिन कांहीं मिनिटांतच तापणार, हें उघड आहे.

ती बाहेर फेंकण्याची व्यवस्था समजण्यास आपल्या घरचा तांब्याचा बंब आठवावा. बंबांत मधल्या नळींतील विस्तवाची आंच धातूच्या भिंतींतून भोंवतालच्या पाण्यांत जाते. इंजिनांतहि तेंच घडतें. फरक इतकाच कीं बंबांत आपल्याला पाणी तापवावयाचें असतें, आणि इंजिनांत तें तापलें कीं लगेच थंड करून परत आणावयाचें असतें. त्यासाठीं पंप पाणी खेळवितो. तापलेलें पाणी वरच्या रबरी नळीनें रेडिएटरांत जातें. तेथील बारीक नळ्यांतून खालीं उतरतांना त्यांना चिकटलेल्या पातळ पत्र्यांच्या पापुद्र्यांवरून वारा वाहतो. आणि निवालेलें पाणी खालच्या नळीनें पुन्हां इंजिनांत येतें. पंप, पंखा आणि बहुधा डायनमोहि एकाच पट्ट्यावर फिरतात. इंजिन थंड असतांना पाण्याची रेडिएटरकडची वाट अडवून धरणारा आणि तें पुरेसें तापल्यावर ती मोकळी करणारा द्वारपाल म्हणजे थर्मोस्टॅट.

मग उन्हाळ्यांतच हा त्रास कां होतो? रेडिएटर किती उष्णता टाकूं शकेल, हें पाण्याच्या व हवेच्या तपमानांतील अंतरावर अवलंबून असतें. पाणी ९० अंशांवर आहे असें समजा. पौषांतल्या एखाद्या सकाळीं हवा २५ अंशांवर असली तर अंतर ६५ अंशांचें पडतें. मे महिन्यांत सोलापुरची दुपार ४३ अंशांवर गेली कीं तेंच अंतर ४७ अंशांचें उरतें. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, पण ताकद चौथ्या हिश्श्याहूनहि अधिक घटली! ज्या रेडिएटरच्या चौथा हिस्सा नळ्या आधींच बुजलेल्या आहेत, तो हिंवाळ्यांत कसेंबसें निभावून नेतो आणि वैशाखांत हात टेंकतो. उन्हाळा दोष निर्माण करीत नाहीं. लपलेला दोष तो उघडकीस आणतो. म्हणूनच 'ऊन फार आहे, गाडी तापायचीच' असें म्हणून स्वस्थ बसूं नये. धडधाकट पद्मिनी सोलापुरच्या उन्हांतहि चालली पाहिजे; ती याच देशाच्या उन्हांत वर्षानुवर्षें टॅक्सी म्हणून राबली आहे.

कोणत्याहि तपासणीपूर्वीं एक गोष्ट प्रत्येकानें मनांत कोरून ठेवावी. तापलेल्या रेडिएटरचें झांकण कधींहि उघडूं नये. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारें ४५० मीटर उंचावर आहे. येथें उघड्या भांड्यांतील पाणी ९८ ते ९९ अंशांच्या दरम्यान उकळतें. रेडिएटरचें झांकण मात्र प्रेशर कुकरच्या झांकणासारखें काम करतें. त्यांतील स्प्रिंग आंतला दाब वाढूं देते, आणि दाब वाढला कीं उकळबिंदूहि चढतो. त्यामुळें शंभराच्या वर तापलेलें पाणीहि आंत न उकळतां राहतें. झांकण सैल करतांच दाब नाहींसा होतो, त्याच क्षणीं त्या पाण्याचा कांहीं भाग वाफ होऊन उफाळतो, आणि उकळत्या पाण्यासह थेट तोंडावर येतो. शिटी पडण्यापूर्वीं कुकरचें झांकण उपटणाऱ्याची जी गत होईल, तीच ही. निदान अर्धा-पाऊण तास थांबावें. वरची रबरी नळी उघड्या हातानें खुशाल दाबतां येईल इतकी निवल्याशिवाय झांकणाला हात लावूं नये. आणि नंतरहि जाड फडकें घालून, तोंड बाजूला ठेवून, आधीं थोडेंसें फिरवावें.

दुर्दैवानें कोणी भाजलेंच तर तूप, शाई, दंतमंजन असलें कांहींहि लावूं नये. बांगड्या, अंगठ्या, घड्याळ लगेच काढावें आणि भाजलेला भाग वाहत्या साध्या पाण्याखालीं वीस मिनिटें धरावा. बर्फ लावूं नये. मग स्वच्छ कापडानें सैलसर झांकून डॉक्टरांकडे न्यावें. चेहरा अथवा डोळे भाजले असतील तर क्षणाचाहि विलंब लावूं नये.

आतां निदानाकडे वळूं. वैद्य नाडी पाहण्यापूर्वीं 'ताप केव्हां येतो?' असें विचारतो. आपणहि इंजिनाविषयीं हाच प्रश्न प्रथम विचारावा. निम्मा उलगडा त्या उत्तरांतच होतो.

गाडी नव्या पेठेच्या गर्दींत किंवा सात रस्त्याच्या खोळंब्यांत तापते, पण मोकळ्या रस्त्यावर कांटा खालीं येतो, असें असेल तर दोष वाऱ्याचा समजावा. धांवत्या गाडीला वारा आपोआप मिळतो. उभ्या गाडीला तो पंख्यानेंच द्यावा लागतो. अशा वेळीं पट्टा, पंखा आणि पापुद्रे पाहावे. याच्या उलट, शहरांत ठीक असलेली गाडी मोहोळच्या रस्त्यावर वेगांत अथवा तुळजापूरच्या घाटांत चढावर तापत असेल, तर वारा भरपूर असूनहि पाणी पुरेसें फिरत नाहीं. रेडिएटरच्या नळ्या बुजल्या असाव्या, पंप झिजला असावा, खालची नळी चेपत असावी, अथवा इग्निशनचें टायमिंग बिघडलें असावें. थंड इंजिन सुरू केल्यावर पांच-सात मिनिटांतच कांटा भराभर चढत असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेंत अडकला आहे किंवा हेड गॅस्केट फुटलें आहे. आणि गाडी चांगली चालते, पण दर दोन दिवसांनीं पाणी घालावें लागतें, असें असेल तर गळती शोधावी.

या चारांतच एक फसवा प्रकार मिसळूं देऊं नये. कडक उन्हांत गाडी गचके देऊन बंद पडते, कांटा मात्र जागच्या जागीं असतो, आणि अर्ध्या तासानें ती आपोआप सुरू होते. येथें इंजिन तापलेलें नसतें. इंजिनाजवळून जाणाऱ्या नळींत पेट्रोलचीच वाफ होऊन पंपाची ओढ तुटलेली असते. पेट्रोल पंपावर ओलें फडकें ठेवण्याचा जुन्या चालकांचा उपाय यासाठींच होता, आणि तो शास्त्रशुद्ध आहे. कारण पाणी वाळतांना उष्णता ओढून घेतें. अशा गाडीचा रेडिएटर खोलून बसणें म्हणजे पोट दुखत असतां दांत काढण्यासारखें होय.

आतां अंगणांतील तपासणी. ती रात्रभर थंड झालेल्या गाडीवर सकाळीं करावी. आदल्या रात्रीं गाडीखालीं वर्तमानपत्रें पसरून ठेवावीं. सकाळीं त्यांवर डाग दिसल्यास तो कोणत्या भागाखालीं आहे हें पाहावें. तेलाचा डाग काळसर व बुळबुळीत असतो. पाण्याचा डाग वाळल्यावर गंजाची तांबूस किंवा क्षारांची पांढरी कड सोडतो, आणि कूलंट असेल तर हिरवट वा इतर रंगाची छटा राहते. पंपाच्या पोटाखालीं एक लहान छिद्र असतें. तेथून पाणी ठिबकत असेल तर पंपाचें सील गेलें, असें निश्चित समजावें. पुष्कळ लोक तें छिद्र बुजवितात. त्यानें पाणी बेअरिंगमध्यें शिरून पंपच निकामी होतो.

मग झांकण उघडून पाणी पाहावें. तें तांबडें गढूळ असेल तर आंत गंज आहे. वर तेलाचा तवंग असेल तर प्रकरण गंभीर आहे. झांकणाचें रबर चिरलेलें वा स्प्रिंग मेलेली असेल तर झांकण बदलावें. स्वस्तांत होणारी ही दुरुस्ती पुष्कळदां सर्वांत गुणकारी ठरते, कारण सैल झांकणाखालीं दाब टिकत नाहीं व पाणी लवकर उकळून बाहेर जातें. नवें झांकण त्याच गाडीसाठीं नेमलेल्या दाबाचें असावें. अधिक दाबाचें बसविल्यास जुना रेडिएटर फुटावयाचा.

पट्ट्याची परीक्षा अंगठ्यानें होते. दोन पुल्यांच्या मध्यें तो दाबल्यावर सुमारें एक ते दीड सेंटिमीटर दबावा. याहून सैल पट्टा घसरतो आणि पंप व पंखा दोन्ही मंदावतात. फार ताठ पट्टा बेअरिंगें खातो. आंतली बाजू कांचेसारखी चकचकीत झाली असेल किंवा चिरा दिसत असतील तर पट्टा बदलावा. रबरी नळ्या हातानें दाबून पाहाव्या. भिजलेल्या पुठ्ठ्यासारख्या मऊ किंवा चरचर वाजणाऱ्या नळ्या ठेवूं नयेत. खालच्या नळीवर विशेष लक्ष द्यावें. तिच्यांतून पंप पाणी ओढतो. ती मऊ पडली कीं वेग वाढतांच चेपते आणि पाण्याची वाट बंद होते. गाडी उभी असतांना ती नळी निर्दोष दिसते, हाच तिचा कपटीपणा. इंजिन चालू असतां मदतनिसाला वेग वाढवावयास सांगून तिच्याकडे नुसतें पाहावें. मात्र साडीचा पदर, ओढणी, सैल बाही पंख्याजवळ येऊं देऊं नये, आणि मुलांना दूर ठेवावें.

रेडिएटरच्या मागें विजेरी धरावी व पुढून पाहावें. उजेड सर्वत्र सारखा दिसला पाहिजे. काळ्या मातीची धूळ, किडे, गवताचीं कुसळें आणि कापसाचे तंतू यांनीं पापुद्रे भरलेले असतील तर इंजिनाच्या बाजूनें पुढें, म्हणजे वाऱ्याच्या उलट दिशेनें, साध्या नळीच्या पाण्यानें हळुवार धुवावे. जोराच्या फवाऱ्यानें पापुद्रे वांकतात व वाट अधिकच बुजते.

थर्मोस्टॅट काढून, पातेल्यांतील पाण्यांत दोऱ्यानें टांगून, शेगडीवर तापवावा व शेजारीं थर्मामीटर धरावा. बहुतेक थर्मोस्टॅट ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडूं लागतात. नेमका आंकडा त्यावरच कोरलेला असतो. पाणी उकळूं लागलें तरी तो मिटलेलाच राहिला तर तो बदलावा. तो कायमचा काढून टाकणें हा उपाय नव्हे. थर्मोस्टॅटविना इंजिन योग्य उष्णतेवर येण्यास फार वेळ लागतो, पेट्रोल अधिक जळतें आणि सिलिंडर लवकर झिजतात. शिवाय तो काढल्यावर गाडी तापायची थांबली, तर बुजलेला रेडिएटर तसाच राहतो आणि पुढच्या उन्हाळ्यांत अधिक मोठें संकट आणतो.

आतां सोलापूरकरांच्या विशेष लक्ष देण्याची गोष्ट, पाणी. दख्खनच्या काळ्या खडकांतून येणारें विहिरींचें व कूपनलिकांचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असतें. बंबाच्या आंत आणि गीझरच्या कांडीवर जो पांढरा कठीण थर जमतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत व इंजिनाच्या पोटांत जमतो. हा थर उष्णतेला अडवितो, आणि नळीची वाटहि अरुंद करतो. पाणी कमी झालें कीं घरचें पाणी ओतणें, ही वर्षानुवर्षांची सवय म्हणजे रेडिएटर हप्त्याहप्त्यानें बुजविणें होय. बॅटरींत घालतात तें डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणांत मिसळून वापरावें. कूलंटानें उकळबिंदु थोडा चढतो, आणि मुख्य म्हणजे लोखंड व ॲल्युमिनियम गंजत नाहींत. परंतु पुष्कळ कूलंटांतील एथिलीन ग्लायकॉल हें विष आहे व चवीला गोड लागतें. जुनें कूलंट अंगणांत वा गटारांत सोडूं नये. मुलांच्या आणि मुक्या जनावरांच्या वाटेंत उघड्या भांड्यांत तर मुळींच ठेवूं नये.

थर हलका असेल तर सर्व जुनें पाणी सोडून, लिंबाच्या सत्त्वाचें सौम्य द्रावण भरून, इंजिन थोडा वेळ चालवून व पुन्हां निववून, स्वच्छ पाण्यानें अनेक वेळां धुवावें. फरशी धुण्याचें तीव्र ॲसिड कोणी सुचविल्यास त्याचें ऐकूं नये. तें थराबरोबर ॲल्युमिनियमहि खातें. थर घट्ट असेल तर रेडिएटर काढून कुशल कारागिराकडून नळ्या साफ करून घ्याव्या. पुन्हां पाणी भरतांना आंत हवा अडकते. म्हणून थंड इंजिनावर झांकण उघडें ठेवूनच गाडी सुरू करावी, बुडबुडे निघून पातळी खालीं गेली कीं भर घालावी, आणि पाणी कढत होण्यापूर्वीं झांकण लावावें.

याच वेळीं एक महत्त्वाची परीक्षा होऊन जाते. सुरुवातीचे चार बुडबुडे हवेचे असतात; पण ते थांबतच नाहींत आणि वेग वाढवितांच उसळून येतात, तर सिलिंडरांतील धूर पाण्यांत शिरत आहे व हेड गॅस्केट फुटलें आहे, असा संशय घ्यावा. तेल ओतण्याच्या झांकणाखालीं दुधाळ कॉफीसारखा फेंस, सायलेन्सरमधून इंजिन तापल्यावरहि न थांबणारी पांढरी वाफ, आणि गळती न दिसतां घटणारें पाणी, हीं त्याचीं उरलेलीं लक्षणें. हीं दिसल्यावर गाडी चालवूं नये. येथें घरगुती वैद्यकी संपते आणि मिस्त्रींचें काम सुरू होतें. हेड उतरविल्यावर तें सपाट आहे कीं नाहीं हें पट्टी लावून तपासून घ्यावयास मिस्त्रींना आवर्जून सांगावें. वांकलेल्या हेडखालीं नवें गॅस्केटहि टिकत नाहीं.

पाण्याची व्यवस्था निर्दोष ठरूनहि गाडी तापत असेल तर आगीकडे पाहावें. ठिणगी उशिरां पडूं लागली कीं ज्वलन लांबतें आणि अधिक उष्णता भिंतींना मिळते. म्हणून डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट व टायमिंग तपासावें. कार्बोरेटरमधून पेट्रोल कमी व हवा जास्त येत असेल तरीहि इंजिन तापतें. २०२५ पासून बहुतेक ठिकाणीं मिळणाऱ्या पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. त्याचा पुष्कळसा भाग आपल्याच जिल्ह्यासारख्या ऊस पिकविणाऱ्या प्रदेशांतून येतो. इथेनॉलमध्यें स्वतःचा ऑक्सिजन असल्यानें, निव्वळ पेट्रोलसाठीं जुळविलेल्या जुन्या कार्बोरेटरांत मिश्रण थोडें क्षीण होतें. जाणत्या मिस्त्रींकडून तें पुन्हां जुळवून घ्यावें आणि पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्याहि बदलाव्या. प्रवासानंतर एखादें चाक इतरांपेक्षां फार गरम लागलें तर त्याचा ब्रेक चिकटत आहे. इंजिन त्या ब्रेकशीं झगडूनच तापत असेल.

राहतां राहिला प्रवास. तुळजापूरला जावयाचें असेल तर पहांटे निघावें. घाटांत वरच्या गिअरमध्यें गाडी रडत-कुंथत नेण्यापेक्षां खालच्या गिअरमध्यें न्यावी. इंजिन अधिक फेरे घेतें, आणि त्याबरोबर पंप व पंखाहि जोरानें फिरतात. कांटा चढूं लागला पण वाफ नाहीं, अशा वेळीं सावलींत थांबून गिअर काढावा व इंजिन थोड्या वाढत्या वेगानें चालूं द्यावें. पुष्कळदां कांटा उतरतो. वाफ दिसली किंवा कांटा लाल रेघेवर गेला तर मात्र इंजिन तत्काळ बंद करावें, बॉनेट उघडावें आणि माणसांनीं दूर झाडाखालीं बसावें. तापलेल्या इंजिनावर बाहेरून गार पाणी ओतूं नये; एका बाजूनें अचानक आकसलेल्या धातूला तडा जातो. इंजिन निवल्यावर पाणी घालतांनाहि तें हळूहळू, इंजिन चालू ठेवून घालावें. घरीं वाट पाहणारीं माणसें तासभर अधिक वाट पाहतील. त्यासाठीं इंजिन पणाला लावूं नये, आणि हात-तोंड तर मुळींच लावूं नये.

शेवटीं एक लहानशी सूचना. गाडींत एक वही ठेवावी. पाणी कोणत्या तारखेला किती घातलें, कांटा कोठें व केव्हां चढला, पट्टा, झांकण, थर्मोस्टॅट हीं केव्हां बदललीं, एवढेंच तींत लिहीत जावें. चार महिन्यांच्या नोंदी जवळ असल्या म्हणजे दोष बहुधा त्याच दाखवितात, आणि मिस्त्रींकडे गेल्यावर 'गाडी तापते' या दोन शब्दांऐवजीं त्यांच्या हातीं आपल्याला नेमकी हकीकत देतां येते. फाल्गुनांतल्या एखाद्या रविवारीं, ऊन चढण्यापूर्वीं, ही सारी तपासणी एकदां उरकून घ्यावी.